जुन्या आरामखुर्च्यांचें मोल

संग्रह म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें जुनीं नाणीं, पोस्टाचीं तिकिटें, शस्त्रें किंवा हस्तलिखित पोथ्या येतात. खुर्ची हीहि संग्रहाची वस्तु होऊं शकते, हें ऐकून अनेकांस नवल वाटतें. खुर्ची बसावयाची, मोडली म्हणजे दुरुस्त करावयाची आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेली म्हणजे बंबांत घालावयाची, असा आपल्याकडील साधा हिशेब. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा हिशेब पार उलटला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास, ढोबळ मानानें १९४० ते १९७० या काळांत, घडविलेल्या कांहीं आरामखुर्च्यांना आज युरोप-अमेरिकेंतील लिलावांत जडजवाहिरासारखे भाव येतात. आणि त्यांतील अतिशय नामांकित अशा कांहीं खुर्च्या एके काळीं भारतांतील सरकारी कचेऱ्यांत अडगळ म्हणून ढीग लावून टाकलेल्या होत्या. हा प्रकार कसा घडला, अशा खुर्चीची पारख कशी करावी, आणि आपल्या घरांत एखादी जुनी आरामखुर्ची असल्यास तिचें काय करावें, या तीन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या देशांत खुर्ची ही उशिरा आलेली पाहुणी होय. जुन्या मराठी घरांत पाट, चौरंग, घडवंची, बाजलें, झोपाळा आणि बैठकीचे लोड-तक्के एवढ्यावर सर्व काम भागत असे. ‘खुर्ची’ हा शब्दहि मूळचा अरबी ‘कुर्सी’. पोर्तुगीज व इंग्रज यांच्याबरोबर उंच पाठीच्या खुर्च्या आल्या. त्या प्रथम कचेरींत स्थिरावल्या आणि मग हळूहळू दिवाणखान्यांत शिरल्या. पण विलायती खुर्ची आपल्या हवेंत जशीच्या तशी टिकेना. मखमलीनें मढविलेली गादी उन्हाळ्यांत तापे आणि पावसाळ्यांत तिला बुरशी येई. तेव्हां येथील सुतारांनीं गादी काढून तेथें वेताची जाळी विणली. विलायती लांकडाऐवजीं सागवान आणि शिसव वापरलें. पाठ मागें कलती केली. आणि दोन्ही हात पुढें लांब वाढवून त्यांवर पाय पसरतां येतील अशी सोय केली. हीच आपली आरामखुर्ची. गोव्यांत हिला ‘व्होल्तेर’ म्हणतात, आणि चहा-कॉफीच्या मळेवाल्यांच्या बंगल्यांतून वावरल्यामुळें इंग्रजींत ती मळेवाल्यांची खुर्ची म्हणून ओळखली जाते.

वऱ्हाडाचें उदाहरण घेतलें तर ही खुर्ची आपल्या गांवोगांवीं कशी पोंचली हें सहज कळतें. १८५३ सालीं हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें कापसाच्या व्यापारानें खामगांवची पेठ भरभराटीस आली, आणि १८७० मध्यें जलंब-खामगांव हा आगगाडीचा फांटा सुरू झाला. कापसाबरोबर पैसा आला, आणि पैशाबरोबर नव्या चालीरीति आल्या. मेळघाटचें सागवान फार दूर नव्हतें, सुतार गांवांतलाच होता, आणि नमुना साहेबाच्या बंगल्यावर पाहिलेला होता. या तीन गोष्टी जुळल्यावर बुलढाणा जिल्ह्यांतील पिंपळगांव राजासारख्या गांवींहि एखाद्या वाड्याच्या माडीवर किंवा ओसरीवर आरामखुर्ची दिसूं लागावी, यांत नवल नाहीं. अशी खुर्ची बहुधा कोणत्याहि कारखान्याची नसे. घरधन्याच्या उंचीचा आणि बसण्याच्या ढबीचा अंदाज घेऊन सुतारानें ती बेतलेली असे. वैशाखांतल्या दुपारीं, भिंतीसुद्धां तापलेल्या असतांना, वेताच्या जाळींतून पाठीस जो वारा लागे, त्याची सर कोणत्याहि गादीस आली नसती. म्हणजे हवा, जवळचें लांकूड आणि मनुष्याचें शरीर या तिहींचा विचार करून ही वस्तु घडली होती. हाच विचार पुढें जगांत ‘आधुनिक’ म्हणून गाजला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या आधुनिक खुर्चीच्या वंशावळींत एक महत्त्वाचा पूर्वज भारतांतलाच सांपडतो. उत्तरेकडील रुरकी हें बंगाल सॅपर्स या लष्करी पथकाचें ठाणें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें अधिकाऱ्यांच्या छावणीसाठीं एक सुटी होणारी खुर्ची प्रचारांत आली. चार पाय, कांहीं आडवे दांडे, कातड्याचे पट्टे आणि जाड कापडाचें आसन, एवढेंच तिचें साहित्य. तिला सरस लागत नसे आणि खिळाहि लागत नसे. दांड्यांचीं निमुळतीं टोकें पायांच्या भोकांत घुसवावयाचीं कीं झालें. मनुष्य बसला म्हणजे त्याच्या भारानेंच सांधे आवळले जात, आणि जमीन उंचसखल असली तरी चारहि पाय नीट टेकत. डेन्मार्कमधील कोरे क्लिंट यानें १९३३ मध्यें याच बेतावर आपली प्रसिद्ध सफारी खुर्ची तयार केली. त्याच्या आधीं कांहीं वर्षें, १९२८ च्या सुमारास, पॅरिसमध्यें ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे आणि शार्लोत पेरियां या तिघांनीं पोलादी नळ्यांची एक हलत्या पाठीची खुर्ची केली होती. तिच्या ठेवणींतहि रुरकीची छाया अभ्यासकांना दिसते. यांतील पिएर जानरे हें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें, कारण पुढें हाच मनुष्य भारतांत येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या नव्या खुर्चीस बहर आला. तिचे रचनाकार निरनिराळ्या देशांतले असले तरी त्यांचा दंडक बहुतेक एकच होता: नक्षीकाम कमी करावें, रचना उघडी दिसूं द्यावी, आणि खुर्ची शरीराच्या मापानें बेतावी. अमेरिकेंत चार्ल्स व रे ईम्स या पतिपत्नींनीं १९५६ मध्यें लांकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून व वांकवून, त्यांवर कातड्याच्या उशा बसवून आपली आरामखुर्ची केली. हर्मन मिलर या कंपनीनें ती बाजारांत आणली. डेन्मार्कमध्यें हान्स वेग्नर यानें १९४९ मध्यें केलेली एक गोल पाठीची खुर्ची १९६० सालीं केनेडी आणि निक्सन यांच्या वादविवादाच्या वेळीं अमेरिकेंत घरोघर दूरचित्रवाणीवर दिसली, आणि एका दिवसांत तिचें नांव झालें. त्या काळच्या डॅनिश कारागिरांचें आवडतें लांकूड सागवान होतें, आणि तें आशियांतून जात असे. आपल्या घरांतली जुनी सागवानी खुर्ची आणि कोपनहेगनची नामांकित खुर्ची या अशा दूरच्या बहिणीच आहेत.

मुंबईस ही लाट बरीच लवकर पोंचली होती. तेथें चांगल्या फर्निचरच्या धंद्यास जुनी परंपराहि होती. १८७९ मध्यें मॅडम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट यांच्याबरोबर थिऑसफीच्या कार्यासाठीं मुंबईस आलेला एडवर्ड विंब्रिज हा गृहस्थ लवकरच त्या कार्यापासून दूर झाला आणि त्यानें फर्निचरचा धंदा उभा केला. पुढें १९३७ मध्यें भारतीय वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेनें मुंबईच्या टाउन हॉलमध्यें आदर्श घराचें प्रदर्शन भरविलें, आणि सुटसुटीत दिवाणखाना कसा असावा हें मध्यम वर्गास प्रत्यक्ष दिसलें. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेला त्याच सुमारास ज्या गोलाईदार इमारती उभ्या राहिल्या, त्यांना २०१८ मध्यें जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या इमारतींच्या भिंतींना हा मान मिळाला खरा; परंतु त्या भिंतींच्या आंत ज्या खुर्च्या होत्या, त्यांतील किती तरी घरें बदलतांना आणि वांटण्या होतांना जुन्या बाजाराकडे गेल्या. इमारत उचलून नेतां येत नाहीं, खुर्ची नेतां येते. वारशाच्या दृष्टीनें हाच खुर्चीचा दुबळेपणा आहे.

या दुबळेपणाचें सर्वांत मोठें उदाहरण चंडीगडचें. फाळणींत लाहोर पाकिस्तानांत गेलें आणि पूर्व पंजाबास नवी राजधानी हवी झाली. तिच्या आंखणीसाठीं १९५१ मध्यें ल कॉर्बुझिए आणि पिएर जानरे भारतांत आले. ल कॉर्बुझिए येऊन-जाऊन असे. जानरे मात्र १९६५ पर्यंत तेथेंच राहिला. १९६७ मध्यें तो वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणें त्याची रक्षा चंडीगडच्या सुखना तलावांत विसर्जन करण्यांत आली. नव्या शहरांतील सचिवालय, न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालयें व नोकरांचीं घरें यांसाठीं हजारों खुर्च्या-मेजें लागणार होतीं आणि पैसा बेताचा होता. जानरे आणि त्याचे भारतीय सहकारी यांनीं मिळून यावर उपाय काढला. या सहकाऱ्यांत यूली चौधरी या वास्तुशास्त्रज्ञ बाईंचा मोठा वांटा होता. सागवानाची जाड चौकट, उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखे पाय, आणि पाठीला व आसनाला वेताची जाळी, असा सोपा नमुना त्यांनीं ठरविला. तो कोणत्याहि साध्या सुताराला करतां यावा, आणि मोडल्यास गांवांत दुरुस्त व्हावा, असा होता. काम अनेक लहान कारखान्यांत वांटून दिलें गेलें. त्यामुळें एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांत थोडा थोडा फरक आढळतो. ज्या सुतारांनीं त्या केल्या, त्यांचीं नांवें मात्र कोठेंहि लिहिलीं गेलीं नाहींत.

सरकारी रिवाजाप्रमाणें प्रत्येक खुर्चीवर रंगानें खात्याचीं आद्याक्षरें व नोंदीचा क्रमांक घालण्यांत येई. वर्षें गेलीं. वेत फाटला, सांधे हलूं लागले, आणि पत्र्याच्या व प्लॅस्टिकच्या खुर्च्या स्वस्तांत मिळूं लागल्या. मग नियमाप्रमाणें जुन्या खुर्च्या निकामी ठरल्या आणि नियमाप्रमाणेंच त्यांचे लिलाव झाले. कोणी त्या सरपणाच्या भावानें घेतल्या, कोणी दुरुस्त करून वापरल्या. गेल्या शतकाच्या अगदीं अखेरीस पॅरिसच्या कांहीं व्यापाऱ्यांनीं ही गोष्ट हेरली. त्यांनीं या लिलावांत रीतसर बोली करून शेंकडों खुर्च्या विकत घेतल्या, परदेशीं नेल्या, घांसून-पुसून नवा वेत बसविला, त्यांचीं पुस्तकें व प्रदर्शनें काढलीं, आणि मग त्या मोठ्या लिलावगृहांत आणल्या. जी खुर्ची येथें कवडीमोलानें गेली, तिला तेथें लाखों रुपये मिळूं लागले. गंमत अशी कीं, कारकुनानें रंगवलेला तो ओबडधोबड क्रमांक, जो प्रथम कुरूप वाटला असेल, तोच आतां खुर्ची अस्सल असल्याचा पुरावा ठरला.

यावर चंडीगडांत मोठी हळहळ झाली. २०११ मध्यें केंद्रीय गृहखात्यानें अशा वारसा-वस्तूंची विक्री व निर्यात रोखण्याविषयीं आदेश काढला, शिल्लक वस्तूंची मोजदाद झाली, आणि परदेशांतील लिलाव थांबविण्यासाठीं वेळोवेळीं पत्रें गेलीं. पण जें मालकानें स्वतः पावती देऊन विकलें, तें चोरीचें कसें म्हणावें? शिवाय कायद्याची एक अडचण आहे. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्यानें जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे, परंतु सामान्यतः शंभर वर्षें पुरीं झालेलीच वस्तु त्या व्याख्येंत बसते. राजा रविवर्मा किंवा अमृता शेरगिल यांच्या चित्रांप्रमाणें एखाद्याची कृति सरकारनें मुद्दाम कलानिधि म्हणून जाहीर केली तर गोष्ट वेगळी. एरवीं १९५५ सालीं घडविलेली खुर्ची २०५५ साल उजाडेपर्यंत कायद्याच्या दृष्टीनें नुसतें जुनें सामान असते. चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलास २०१६ मध्यें जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हां त्या संकुलासाठीं घडविलेल्या खुर्च्यांपैकीं पुष्कळ परक्या दिवाणखान्यांत जाऊन बसल्या होत्या.

येथें कोणी विचारील कीं, चंडीगडच्या या कथेचा मराठी घराशीं काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. चंडीगडांत जें सरकारी कोठारांत घडलें, तेंच आपल्या वाड्यांतून लहान प्रमाणावर घडत असतें. घर पाडावयाचें ठरतें, भाऊ वांटण्या करतात, माडीवरची आरामखुर्ची जिन्यांतून खालीं येते. शहरांतल्या दोन खोल्यांत ती मावत नाहीं. दारावर आलेला जुन्या सामानाचा व्यापारी चार भांडीं आणि एक दार यांच्याबरोबर तिचीहि किंमत करतो. तेथून ती मुंबईच्या चोर बाजारांत किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या पेठेंत जाते, आणि पुढें एखाद्या हॉटेलाच्या किंवा बंगल्याच्या व्हरांड्यांत. व्यापाऱ्याचा यांत दोष नाहीं. उलट त्यानें नेली नसती तर ती चुलींतच गेली असती. नुकसान होतें तें निराळें. कोणत्या गांवची, कोणाच्या हातची, कोणासाठीं केलेली, ही सर्व हकीगत दारांतच गळून पडते. उरतें तें केवळ लांकूड व वेत.

साध्या वस्तूंचा संग्रह म्हणजे काय, हें महाराष्ट्रास शिकविणारा पुरुष पुण्यांत होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्या वस्तू म्हणजे राजांचे मुकुट नव्हेत. दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, दारें, भांडीं, असा घरगुती ऐवज. गांवोगांव फिरून, प्रसंगीं पदरमोड करून त्यांनीं हजारों वस्तू गोळा केल्या आणि १९६२ मध्यें तो सर्व संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवालीं केला. बालपणीं वारलेल्या मुलाच्या नांवानें तें संग्रहालय ‘राजा केळकर’ म्हणून ओळखलें जातें. १९९० मध्यें केळकर वारले. ईम्स दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथें आलें असतां त्यांनीं १९५८ मध्यें जो अहवाल लिहिला, त्यांतहि हीच दृष्टि दिसते. भारतांत पाहिलेल्या सर्व वस्तूंत त्यांना अधिक भावला तो आपला साधा पितळेचा तांब्या. त्याच अहवालांतून पुढें १९६१ मध्यें अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. अमेरिकेची अत्यंत प्रसिद्ध आरामखुर्ची घडविणाऱ्यांनीं आपल्या तांब्यापुढें मान लववावी, यांतलें मर्म हें कीं, पिढ्यानपिढ्यांच्या वापरानें तासली गेलेली वस्तु हीच उत्तम रचना होय.

आतां पारखीकडे वळूं. जुनी खुर्ची पाहतांना पहिला नियम असा कीं, ती आधीं उलटी करावी. वरची बाजू पॉलिशनें फसविते, खालची बाजू सहसा खरें बोलते. हातानें रंधा मारलेल्या लांकडावर तळवा फिरविला तर बारीक लाटा लागतात; यंत्रावर तासलेलें लांकूड सपाट लागतें. मग सांधे पाहावेत. चांगल्या कामांत एका लांकडाचें टोक बारीक करून दुसऱ्याच्या खांचेंत घट्ट बसविलेलें असतें, आणि त्यांत आडवी लांकडी खुंटी मारलेली असते. नुसत्या खिळ्यांवर उभी असलेली आरामखुर्ची फार दिवस कोणाचा भार सोसत नाहीं. स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ चीर असेल तर तो जुना असण्याचा संभव. अधिकाच्या चिन्हासारखी खूण असलेले स्क्रू १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत निघाले आणि आपल्याकडे त्याहून पुष्कळ उशिरा रुळले. शंभर वर्षांपूर्वीची म्हणून दाखविलेल्या खुर्चींत असा स्क्रू दिसला तर एक तर ती मागाहून दुरुस्त झालेली आहे, नाहीं तर सांगणाराची गोष्टच मागाहून तयार झालेली आहे.

दुसरी खूण झिजेची. मनुष्य खुर्ची सर्वत्र सारखी वापरीत नाहीं. हातांचीं टोकें, पायांचे तळवे, टाच लागते ती पुढची आडवी पट्टी आणि डोकें टेकतें ती वरची कड, हीं ठिकाणें आधीं झिजतात. चोहोंकडून सारखी झिजलेली खुर्ची बहुधा कोणी मुद्दाम घांसलेली असते. पाडलेल्या घरांचे वासे व तुळया यांचें सागवान खरोखरच जुनें असतें आणि त्यापासून नव्या खुर्च्या ‘जुन्या’ म्हणून करतां येतात. अशा वेळीं चौकटीवर निरर्थक ठिकाणीं बुजविलेलीं खिळ्यांचीं भोकें सांपडतात. तिसरी खूण वेताची. हातानें विणलेल्या जाळींत चौकटीला सभोंवार भोकें असून त्यांतून वेत ओंवलेला असतो. दोन उभ्या, दोन आडव्या आणि दोन तिरप्या अशा सहा फेऱ्यांत ती जाळी पुरी होते व तिचीं घरें अष्टकोनी दिसतात. यंत्राच्या तयार जाळीस भोकें लागत नाहींत. ती चौकटीच्या चरांत दाबून वरून पट्टीनें बसवितात. वेत नवा असणें हा दोष मानूं नये. वेत हा खुर्चीचा सदरा आहे; तो फाटावयाचा व बदलावयाचाच. चौकट मात्र मूळची हवी. चंडीगडच्या म्हणविणाऱ्या खुर्च्यांवरील क्रमांकहि आतां खोटे रंगविले जातात. म्हणून एकाच खुणेवर विसंबून न राहतां सर्व खुणांचा मेळ पाहावा.

जतनाविषयीं चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. घरांत जुनी खुर्ची सांपडली कीं उत्साही मनुष्य प्रथम पॉलिश-कागद हातांत घेतो, आणि तेथेंच पहिली चूक होते. अनेक वर्षांच्या हातांनीं आलेली झळाळी एकदां घांसून काढली कीं ती पुन्हां आणतां येत नाहीं. प्रथम मऊ फडक्यानें धूळ झाडावी आणि अगदीं किंचित् ओलसर कापडानें पुसून लागलीच कोरडें करावें. लाखेच्या पॉलिशला गरम पेल्याचा व पाण्याचा डाग पडतो, हें घरांतल्या सर्वांना सांगून ठेवावें. सैल सांध्यास शक्यतों जुन्या तऱ्हेचा सरसच लावावा, कारण ऊब आणि ओल दिली असतां तो पुढें सोडवितां येतो; हल्लींचा पांढरा गोंद एकदां बसला कीं सांधा उकलतांना लांकूडच फाटतें. वेत सैल पडला असल्यास खुर्ची उलटी करून जाळीच्या खालच्या अंगास कोमट पाण्यानें भिजविलेलें फडकें ठेवावें आणि रात्रभर सावलींत वाळूं द्यावें. वेत आकसतो व जाळी ताणली जाते. वऱ्हाडासारख्या कोरड्या उन्हाच्या मुलखांत खुर्ची थेट उन्हांत ठेवूं नये; वेत ठिसूळ होतो आणि सांधे उघडतात. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाहीं, पण बाहेरच्या फिकट भागास लागते. म्हणून पायांखालीं ओल नसावी.

याहून मोठें जतन एका वहीचें आहे. खुर्ची कोणत्या गांवीं होती, कोणत्या सुतारानें केली असें घरांतले वडील सांगतात, ती कोणासाठीं केली, केव्हां दुरुस्त झाली, कोणाच्या वांट्यास गेली, हें सर्व तारखा टाकून लिहून ठेवावें. एखादा जुना फोटो असल्यास तोहि त्या वहींत लावावा. चंडीगडच्या एका रंगवलेल्या क्रमांकानें खुर्चीचें मोल वाढविलें, तर पिंपळगांव राजाच्या सुताराचें नांव लिहिलेल्या चार ओळींनीं आपल्या खुर्चीचें मोल कां वाढूं नये? पैशांत तें वाढेल किंवा न वाढेल, पण ज्या कारागिराचें नांव चंडीगडनें हरवलें, तसें आपल्या घरांत तरी हरवणार नाहीं. हें काम करण्यास श्रीमंती लागत नाहीं. एक वही, एक शाई आणि घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्याजवळ बसून घालविलेली एक दुपार पुरे. दुपार मात्र लवकर काढावी, कारण सांगणारीं माणसें खुर्च्यांहून आधीं जातात.

संग्राहकानेंहि एवढें पथ्य पाळावें. दहा खुर्च्या आणून कोठारांत रचण्यापेक्षां दोनच आणाव्या आणि त्यांवर बसावें. आरामखुर्ची ही टांगून ठेवण्याची तसबीर नव्हे. बसणाऱ्याच्या भारानें सांधे आवळले जावे म्हणूनच रुरकीची ती खुर्ची तशी बेतली होती, आणि बसणारा नसला कीं ती सैल पडे. विकत घेतांना भावापेक्षां हकिगतीची चौकशी अधिक करावी, आणि विकणाऱ्यानें सांगितलेलें खरेंच मानण्याआधीं खुर्ची उलटी करावी. स्वतःची खुर्ची विकण्याची पाळी आली तर लाज मानूं नये, परंतु वहींतल्या चार ओळींची नक्कल खुर्चीबरोबर द्यावी. घर बदलतें, गांव बदलतें, मालक बदलतो. नांवगांव बरोबर असलें म्हणजे वस्तु कोठेंहि गेली तरी ती पोरकी होत नाहीं.